ट्रक पाच बोटं उंच केला तेव्हा

आमचा ट्रक आम्ही पाच बोटं उंच केला, त्याचं तांत्रिक कारण साठे हे होतं.

ट्रक म्हणजे पिकअप. नवऱ्याचा पाण्याचे पंप बसवण्याचा धंदा, म्हणून सिंगापूरसारख्या ठिकाणी आमच्या दाराशी चार चाकं होती (दाराशी म्हणजे टॅम्पिनीसच्या आमच्या ब्लॉकशेजारच्या बहुमजली कार पार्कात, चौथ्या मजल्यावर). मागे उघडा हौदा आणि पाइप ठेवायला केबिनच्या वरपर्यंत आलेला लोखंडी सांगाडा, पक्का वेल्डिंग केलेला. दिसायला सुंदर नव्हता. पण आमच्या मराठी मित्रमंडळाची वर्षातून एकदा मलेशियाला सहल निघायची, तेव्हा सगळ्यांच्या पुढे हाच असायचा. हौद्यात पातेली, शेगडी, तांदूळ. पुढे मी, मांडीवर यादी. मागून पाच-सहा मोटारी. मी म्हणेन तिथे चहा, मी म्हणेन तिथे लघुशंका.

मग पासिर रिसच्या साठेंनी जीपसारखी उंच गाडी घेतली.

सहलीच्या बैठकीत ते म्हणाले, "वहिनी, यंदा पुढे मी राहतो. वरून रस्ता लांबपर्यंत दिसतो हो. तुम्ही आपल्या निवांत मागून या, भांडी घेऊन."

'भांडी घेऊन' हे दोन शब्द मी घरी येईपर्यंत चघळत होते. वाटेत सिग्नलला त्यांची गाडी आमच्या शेजारी थांबली. सुनंदा साठेने खिडकीतून खाली वाकून माझ्याकडे बघत हात हलवला. विहिरीत पडलेल्या माणसाला धीर देतात तसा.

"अहो, आपला ट्रक उंच होतो का?" मी विचारलं.

"होतो की. मागच्या स्प्रिंगांना ठोकळे, पुढच्या स्प्रिंगांवर जाड चकत्या. पण कशाला?"

"रस्ता दिसत नाही."

"मग इतकी वर्षं कसा दिसत होता?"

"अंदाजाने."

मागच्या सीटवरून आमची कन्या म्हणाली, "आई, यू आर सो किआसू लाह." (आपण कुणाच्या मागे तर पडणार नाही ना, या भीतीने धावत सुटतो तो किआसू. इथल्या शाळेत मुलं हा शब्द लवकर शिकतात आणि घरी येऊन आईवर वापरून बघतात.)

नवऱ्याने परवानगी, तपासणी वगैरे शब्द काढले. मी म्हटलं, सहल झाली की परत उतरवू. त्यांना हत्यारं बाहेर काढायला कारण हवंच असतं. ठोकळे आले. सहल शनिवारी होती आणि शुक्रवारी सरकारी सुट्टी. कार पार्कच्या चौथ्या मजल्यावर, कुणाच्या नजरेत येणार नाही अशा कोपऱ्यात आम्ही काम काढलं.

व्यवस्था माझी होती. प्रत्येक चाकाचे नट वेगळ्या वाटीत, वाट्यांवर चिठ्ठ्या, पाने आकाराप्रमाणे वर्तमानपत्रावर ओळीने. नवरा ट्रकखाली आडवा. त्यांचे फक्त पाय दिसायचे आणि आवाज यायचा.

"पाना दे."

"कुठला?"

"मगाचा."

"मगाचे तीन झाले."

"मग तिन्ही दे, पण बोलू नकोस."

आमच्या ब्लॉकमधले एक म्हातारे चिनी अंकल पक्ष्याचा पिंजरा घेऊन फिरायला आले होते. ते थांबले. "व्हाय मेक सो टॉल?"

"फॉर द व्ह्यू," मी म्हटलं.

त्यांनी वर छताकडे पाहिलं. मग ट्रककडे, मग माझ्याकडे, मग पुन्हा छताकडे. आणि पिंजरा सावरत चालते झाले. मला वाटलं, जळले.

दुपारपर्यंत काम फत्ते. मी चढून बसले. साठेंच्या खिडकीची उंची मी आधीच मोजून आणली होती (त्यांच्या गाडीपाशी पडलेलं कर्णफूल शोधण्याच्या निमित्ताने, ते माझ्या पर्समध्येच होतं). मी त्यांच्यापेक्षा वर होते. चौथ्या मजल्यावरच आम्ही दोन फेऱ्या मारल्या. हत्तीवरून साखर वाटावी असं वाटलं.

शनिवारी सकाळी मंडळी आमच्या ब्लॉकखाली जमली. सामान चढवलं, आणि आम्ही डौलात उतारावरून खाली आलो. बाहेर पडायच्या दाराशी साखळ्यांना पिवळी आडवी नळी टांगलेली असते, तिच्यावर उंचीची मर्यादा लिहिलेली असते.

टण्ण.

नळी ढकलून जाता आलं असतं, पण तिच्या मागे तेवढ्याच उंचीवर काँक्रीटची तुळई होती. आजवर आमचा सांगाडा तिच्याखालून दोन बोटं राखून जायचा. आम्ही उचलला होता पाच. हे गणित पहिलीतलं आहे. मी ट्रकच्या खालचं सगळं मोजलं होतं. वर बघितलंच नव्हतं, कारण वर मला फक्त साठे दिसत होते.

साठे उतरून आले. त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी अगदी खरी होती, त्यामुळे जास्तच झोंबली. "वहिनी, सामान माझ्या गाडीत टाका. भरपूर जागा आहे."

"नको. मसाल्यांचा वास लागेल तुमच्या नव्या सीटना."

"अगं, टाकू या," नवरा कुजबुजला.

"तुम्ही ट्रक काढा."

त्यांनी टायरमधली हवा सोडली. एक बोट मिळालं. दोन राहिली.

"वजन टाकू," पूल बांधणारे आमचे कांबळे म्हणाले. "मागे चढा सगळे." जोशी पतिपत्नी, सुनंदा साठे, आमची कन्या, आणखी चौघं पातेल्यांमध्ये दाटीवाटीने बसली. ट्रकची मागची बाजू छान खाली गेली. आणि पुढची वर आली. झाडाचा पाला खायला शेळी उभी राहते तसा तो दिसायला लागला. सांगाड्याचं पुढचं टोक आता तुळईच्याही वर.

कांबळ्यांनी मान तिरकी करून पाहिलं. "पुढेही वजन हवं. बॉनेटवर. एकच, पण भरीव."

कुणी नाव घेतलं नाही. सगळ्यांनी नुसतं साठेंकडे पाहिलं.

"मी?" साठे म्हणाले. "बॉनेटवर?"

"बसा हो," हौद्यातून सुनंदा म्हणाली. "घरी सोफा दाबताच ना."

"पँटला डाग पडेल."

मी टॉवेल आणला. घडी करून बॉनेटवर अंथरला. चढायला अवघड जात होतं म्हणून स्वयंपाकाच्या सामानातलं स्टूल काढून त्यांच्या पायाखाली दिलं. साठे चढले, मांडी घातली, आणि ट्रकने नाक खाली घातलं.

"सावकाश," कांबळे म्हणाले. "येऊ द्या. येऊ द्या."

सांगाडा तुळईखालून केसाच्या अंतराने सरकत होता. साठेंना हळूहळू ते आसन मानवलं. त्यांनी उजवा हात उंचावला आणि पुढे रस्त्याकडे दाखवत "चला, चला" म्हणायला सुरुवात केली. पिंजरावाले अंकल फूटपाथवर उभे होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या. सांगाडा तुळईपार होताच जोशींनी हौद्यातून उडी मारून पुढे येऊन नवा डिजिटल कॅमेरा काढला.

बाहेर आल्यावर सगळे उतरले आणि ट्रक पुन्हा टुणकन उंच झाला. पण टायरमध्ये हवा नव्हती. ती भरायला पेट्रोल पंपापर्यंत आम्ही गोगलगाईसारखे गेलो. तोवर सीमेवर गर्दी होईल म्हणून बाकीच्या गाड्या निघाल्या, साठेंच्या मागोमाग. आम्ही मलेशियात शेवटी पोचलो. भांडी घेऊन.

त्या वर्षीच्या मंडळाच्या अंकात पहिल्या पानावर जोशींचा फोटो छापला. सगळ्यांच्या पुढे, सगळ्यांच्या वर, हात उंचावून साठे बसलेत, माझ्या ट्रकवर, माझ्या टॉवेलवर. खाली ओळ आहे: 'सहलीचे नेतृत्व'. त्या फोटोत मीही आहे. बॉनेटच्या बाजूने स्टूल घेऊन पळते आहे, साहेबांना उतरताना लागेल म्हणून.