मोरीच्या पाण्याचा खड्डा

"कोन चालू ठिवलं बे?"

हा आवाज आला की आमच्या दवाखान्यात तीन माणसं तीन बाजूंना पळायची. एक नळाकडं, एक पंख्याकडं आणि तिसरं नुसतंच पळायचं, कारण आपणही काहीतरी चालू ठेवलं असणार याची त्याला खात्री असायची. ओरडणारा मात्र जागचा हलत नसे. डाव्या हातात पाइपाचा पाना, उजवा हात कमरेवर आणि मान एका बाजूला कलती. कुठं पाणी गळतंय ते तो तसा उभा राहून ऐकायचा.

मी त्या दवाखान्याच्या गेटवर चौकीदार होतो. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा सरकारी दवाखाना. गावाचं नाव सांगत नाही. भिऊन नाही, ज्यांनी केलं ते वाचलं की ओळखतील. माझी शाळा चौथीपर्यंत. लिहायला वेळ लागतो. पण दुसऱ्या कुणी लिहिलं तर तो गोड करून लिहील, म्हणून मीच लिहितोय.

तो आमचा पाण्याचा माणूस. बोअरची मोटार चालू करायची, वरची टाकी भरायची, व्हॉल्व्ह सोडायचे, एवढं त्याचं काम. ठेकेदाराकडून आलेला. मी कायम नोकरीतला, तो नाही. हा फरक तुम्ही ध्यानात ठेवा, पुढं तोच नडला.

पाइपाचं काम तो कडा गावाकडच्या साखर कारखान्यावर शिकला होता. त्याचं त्याला लई कौतुक. म्हणायचा, "तात्या, कारखान्यात वाफंचं पानी गोळा करून परत बॉयलरला घालत्यात. वाफंचं! आन हितं आपल्याला नळ आवळता येईना."

बटनांच्या बोर्डावर त्यानं सिस्टरबाईंकडून लाल नेलपॉलिश मागून घेतलं आणि रात्रभर लागणाऱ्या बटनांवर एकेक ठिपका दिला. लाल ठिपका असेल ते चालू, बाकी सगळं दहा वाजता बंद. लिहिता-वाचता न येणाऱ्या आयाबाईलासुद्धा ते कळायचं. जुन्या छापील फॉर्मांचे गठ्ठे रद्दीत चालले होते, तेही त्यानं अडवले आणि मागच्या कोऱ्या बाजूला टाके लावून वॉर्डाला वह्या करून दिल्या.

मोठे डॉक्टर राऊंडला गेले की त्यांच्या खोलीतला एसी हा बंद करायचा. साहेब परत यायचे, घाम पुसत ओरडायचे.

"अरे, मी आत्ता येणारच होतो ना!"

"आत्ता आलाव ना साहेब? मग आत्ता लावा की."

"तुला कुणी सांगितलं बंद करायला?"

"ह्याला कोन सांगावं लागतंय का?"

साहेब कधी हसायचे, कधी खवळायचे. एसी मात्र रोज बंद व्हायचा.

आता मूळ गोष्ट. आमच्याकडं एप्रिल लागला की बोअर गुळण्या टाकतो, हे तुम्हाला नव्यानं सांगायला नको. मग टँकर. तो आज येईल, परवा येईल. पहिलं काम काय व्हायचं माहीत आहे? बाळंतिणींच्या वॉर्डातल्या संडासाला कुलूप. पाणी नाही, घाण होते, म्हणून कुलूप. आणि त्या ओल्या बाळंतिणी, टाके घातलेल्या, सासूचा नाहीतर आईचा हात धरून दवाखान्यामागच्या बाभळीत जायच्या. ते कुलूप लावायची चावी माझ्या कमरेला असायची. कितीतरी उन्हाळे मी ते कुलूप लावलं. मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही.

यानं विचारलं. पहिल्याच उन्हाळ्यात कुलूप हातात घेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवलं. "हे तुमच्या बंगल्यावरच्या संडासाला लावून बघा साहेब, दोन दिवस." त्या दिवशी त्याची नोकरी जायची राहिली, कारण सिस्टरबाई मधे पडल्या.

मग त्यानं वॉर्डामागं खड्डा खांदला. एकट्यानं, ड्युटी संपल्यावर, आठ-दहा दिवस. बाळंतिणींच्या आंघोळीचं मोरीतलं पाणी, हात धुवायच्या बेसिनचं पाणी, आणि प्यायच्या पाण्याच्या फिल्टरातून जे वाया जातं ते. तुम्ही कधी बघा, ती मशीन चांगलं पाणी थोडं देते आणि त्याहून जास्त नालीत सोडते. हे तिन्ही पाइप त्यानं वळवले. पाणी आधी वाळू-खडीतून गाळून खड्ड्यात आणि खड्ड्यातून एका मोडक्या, त्यानंच दुरुस्त केलेल्या मोटारीनं संडासाच्या टाकीत. प्यायच्या पाण्याशी त्याचा काही संबंध नाही.

अडचण एकच. आमची जमीन मुरमाड. पाणी सकाळी भरलं की दुपारपर्यंत गडप. खाली अंथरायला जाड प्लास्टिक पाहिजे होतं. ऑफिसात विचारलं तर, "मागणी वर पाठवलीय." वर म्हणजे कुठं, ते आजपर्यंत कळलं नाही.

तेव्हा आमच्या भिंतीवर एका नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता. केवढा? तर दवाखान्याच्या नावाची पाटी त्याच्यामागं पूर्ण झाकलेली. रात्री पेशंट घेऊन आलेले लोक दोनदा गेटावरून पुढं निघून जायचे. वाढदिवस होऊन महिना झाला होता. काढायला कुणी येईना, काढायची कुणाची छाती होईना. मी काढला. शिडी लावून, भर दिवसा, सुतळ्या कापून. आणि गुंडाळी करून याच्या पुढ्यात टाकली.

"घे. जाड हाय."

तो गुंडाळी उलगडून बघत बसला. "तात्या, हे आपल्याला भोवंल."

"कावून? रद्दी हाय ती."

"रद्दी हाय, पन तोंड हाय त्याच्यावर."

मग आमची खरी पंचाईत सुरू झाली. फ्लेक्स अंथरायचा कसा? तोंड खाली की तोंड वर? मी म्हणालो, खाली घाल, दिसायचं नाही, विषय संपला. तो ऐकेना. "आसं कसं? माणूस हाय. वाढदिस त्याचा. चिखलात तोंडावर कसं पाडायचं?" अर्धा तास वाद. शेवटी त्यानं आपलंच खरं केलं. नेत्याला उताणं, नीट सरळ, कुठं सुरकुती पडणार नाही असं निजवलं आणि कडेनं दगड ठेवले. मानसन्मान म्हणून. हे मी हसवण्यासाठी सांगत नाही. त्याच्या मनात खरंच मान होता.

त्या साली मे महिन्यात पहिल्यांदा माझ्या कमरेची चावी कमरेलाच राहिली. संडास उघडे. एक म्हातारी सुनेला परत वॉर्डात सोडून गेटाशी आली आणि मला म्हणाली, "बाबा, हितं पानी हाय! आमच्या घरी न्हाई." मी छाती फुगवून सांगितलं, "आमचा पान्याचा माणूस हाय तसा." हा मागं उभा राहून ऐकत होता. लगेच, "ह्या म्हातारीनं मोरीचा नळ सोडला काय चालू?"

पुढं जूनच्या आधीच घात झाला. नेत्याचा एक कार्यकर्ता पाहुण्याला भेटायला आला होता. गुटखा थुंकायला वॉर्डामागं गेला. बघतो तर साबणाच्या फेसाखाली त्याचे नेते, दोन्ही हात जोडून, हसतायत.

अर्ध्या तासात पंचवीस जण साहेबांच्या केबिनमध्ये.

"आमच्या नेत्याच्या तोंडावर मोरीचं पानी? बायांच्या आंगुळीचं?"

"कुनी केलं ते पुढं आना! आत्ता!"

एकानंसुद्धा विचारलं नाही की खड्डा कशाचा आहे. एकानंसुद्धा म्हटलं नाही की महिनाभर दवाखान्याची पाटी झाकली त्याचं काय. पंचवीसांपैकी निम्म्यांच्या तरी बायका, बहिणी याच वॉर्डात बाळंत झालेल्या असतील. साहेब तर खुर्चीतून उठून उभे. एवढे शिकलेले, भिंतीवर एवढ्या फ्रेमा, आणि हात जोडलेले.

मी पुढं झालो. तोंड उघडलं. "फ्लेक्स..."

एवढंच बोललो. माझ्या पायावर पाय पडला. जोरात. हा शेजारी उभा होता, माझ्याकडं बघतसुद्धा नव्हता.

"मीच काढला. मीच आथरला. तात्याला काय म्हाईत न्हाई."

माझी पेन्शन दोन वर्षांवर आली होती. ते त्याला ठाऊक होतं. मी त्याला कधी म्हणालो होतो का, मला वाचव म्हणून? माझ्या जन्मात मी कुणाच्या आडोशाला उभा राहिलो नाही. आणि या ठेकेदाराच्या माणसानं मला पायाखाली दाबून गप्प केलं. त्याचा राग मला अजून आहे. त्याच्यावर थोडा, माझ्यावर जास्त. कारण पाय काढून घेऊन मी पुन्हा बोलू शकलो असतो. त्या केबिनमध्ये मला ते सुचलं नाही, की धाडस झालं नाही, ते आता कशाला चिवडू.

संध्याकाळी ठेकेदाराला फोन गेला, दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस आला. मी साहेबांकडं गेलो, टोपी काढली नाही, उभ्यानंच सांगितलं, "फ्लेक्स मी दिला."

साहेब म्हणाले, "तात्या, मिटलंय ते. आता उकरू नका."

मिटलं म्हणजे काय, ते तिसऱ्या दिवशी कळलं. ट्रॅक्टर आला आणि खड्ड्यात मुरूम ओतला. फ्लेक्स आधी सन्मानानं बाहेर काढून धुऊन घेतला होता. धुतला कशानं? टँकरच्या पाण्यानं. दोन माणसं, एक ब्रश, पाइप सोडून अर्धा तास. मी गेटावरून बघत होतो. त्या मुरमावर नंतर सिमेंटचे ठोकळे बसवले आणि भिंतीवर वरून आलेला नवा फ्लेक्स लागला, त्यावर मोठ्या अक्षरात, पाणी वाचवा. पुढच्या एप्रिलात मी परत कुलूप लावलं.

त्याच उन्हाळ्यात, मे महिन्यात एका दुपारी तो आमचा जुना पाण्याचा माणूस गेटातून आत आला. मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी निळे कॅन बांधलेले. त्याच्या पोरीचं पहिलं बाळंतपण, माहेरी आलेली, आदल्या रात्री मोकळी झालेली. बारा किलोमीटरवरून, स्वतःच्या गावच्या विहिरीवरून तो पाणी घेऊन आला होता.

"काय झालं?"

"पोरगी, तात्या. लई गोड हाय."

कॅन सोडून एक खांद्यावर घेतला. मी खुर्चीवरून उठलो, दुसऱ्याला हात घातला. त्यानं माझा हात हळूच बाजूला केला.

"बसा तुमी. गेट सोडू नका. कोनी तरी नाव ठिवंल."

मी बसलो. साठीला आलेला माणूस, त्यानं बस म्हटलं आणि बसलो. तो वॉर्डात दोन खेपा करून गेला. पहिली खेप पोरीच्या खाटेशी नव्हे. पलीकडं एक बाई होती, तिचं माहेर लांब, सोबत आंधळी आई. पहिला कॅन तिथं ठेवला. संडासाची चावी मी त्याला दिली, त्यानं न मागता. तीन दिवस तो रोज तसा येत राहिला आणि तीन दिवस ते संडास उघडे राहिले. कुणा नेत्यानं नाही, कुणा ऑफिसनं नाही, विहिरीच्या पाण्यानं आणि एका मोटारसायकलीनं.

चौथ्या दिवशी पोर-बाळंतिणीला जीपमध्ये बसवून घेऊन गेला. कॅन मुद्दाम ठेवून गेला, सिस्टरबाईंना म्हणाला, राहू द्या, लागतील. त्यानंतर तो त्या गेटात आला नाही. पुण्याकडं मुलाकडं गेला असं कुणी म्हणतं. मी विचारायला त्याच्या गावी गेलतो, घराला कडी होती.

परवा बीपीच्या गोळ्या आणायला दवाखान्यात गेलो. निळे कॅन तिथंच आहेत, वॉर्डाच्या दाराशी. स्टोअरच्या माणसानं दोन्हींवर पांढऱ्या ऑईल पेंटनं नंबर टाकलेत आणि खाली लिहिलंय, सरकारी मालमत्ता.