इझाकाया मी शोधला होता

जगातली कुठलीही जागा माझे साडू तिथे पाऊल ठेवीपर्यंतच तुमची असते. डब्लिनमधला तो इझाकाया मी शोधला होता. इझाकाया म्हणजे गुत्ता आणि खाणावळ यांच्या मधलं एक जपानी प्रकरण. छोट्या छोट्या बशांतून खायचं, सावकाश प्यायचं आणि अनोळखी माणसांच्या खांद्याला खांदा लावून मोठमोठ्यानं बोलायचं. यातलं खाणंपिणं मला जमत होतं. बोलण्यासाठी म्हणून मी वॉटरफोर्डहून साडूंना बोलावलं, आणि त्या संध्याकाळपासून मी तिथे 'डॉक्टरांबरोबर येतात ते' झालो.

साडू भूलतज्ज्ञ आहेत. आठवडाभर माणसांना झोपवतात आणि शनिवारी त्याची भरपाई करतात. परत गाडी चालवायची म्हणून दारूला शिवत नाहीत, पण बार्लीचा थंड चहा पिऊन हा मनुष्य असा काही रंगतो, की आसपासचे लोक वेट्रेसला बोलावून 'ते जे घेतायत तेच आम्हाला' म्हणतात. शेजारी कोण बसलंय याची त्यांना पर्वा नसते. एकदा कॉर्क शहराहून आलेल्या एका धिप्पाड माणसाच्या गळ्याकडे बराच वेळ कौतुकानं बघून ते त्याला म्हणाले, "काय सुरेख मान आहे हो तुमची! भूल देताना नळी अशी अलगद जाईल!" मी बिल मागवायच्या बेतात होतो. तो गृहस्थ चक्क लाजला, आणि जाताना साडूंना मिठी मारून गेला. माझ्या मानेबद्दल साडूंनी आजवर अवाक्षर काढलेलं नाही.

तिथे दारातून कुणी आत आलं, की आचाऱ्यापासून वेट्रेसपर्यंत झाडून सगळे एका सुरात जपानी स्वागत ओरडतात. आपण मान तुकवून जागेवर बसायचं असतं. साडूंनी पहिल्याच दिवशी उलट आरोळी ठोकली, "आलो रे बापा!" आता निखाऱ्यांवर वारा घालणारा तो जपानी आचारी त्यांना पाहिलं की हातातला पंखा उंचावून स्वतःच ओरडतो, "आलो रे बापा!" एका मंगळवारी मी एकटाच गेलो, आणि कुणी ओळखीचं नाहीसं बघून दारात तीच आरोळी ठोकून पाहिली. वेट्रेस धावत आली. "आर यू ओके?" मग माझ्यामागे डोकावून तिनं विचारलं, युअर मॅन गाडी लावतोय का? आयर्लंडात कुणाही तिऱ्हाइताला 'युअर मॅन' म्हणतात. जणू मीच त्यांना पाळलंय!

हेही सोसलं असतं. पण माझी सोळा वर्षांची लेक! डब्लिनच्या ॲडम्सटाउन उपनगरात वाढलेली. मी मराठीत विचारावं आणि तिनं आयरिश हेल काढून "आयॅम ग्रँड, डॅड", म्हणजे 'बरी आहे', म्हणावं, एवढाच आमचा संवाद. दर रविवारी मी घरात मराठीचा वर्ग चालवून पाहिला, त्याला बायकोही येईनाशी झाली. आणि हीच मुलगी इझाकायात काकांच्या शेजारी बसली, की सोयाबीनच्या खारवलेल्या शेंगा सोलत कुजबुजणार, "काका, तो टकलू बघ ना! त्याची बायको त्याला काही खाऊच नाही देऊन राहिली!" काका म्हणणार, "चूप! आपल्याकडेच बघून राहिला तो!" आणि दोघं टेबलावर डोकं टेकवून हसणार. मी आपल्या शुद्ध पुणेरी मराठीसकट कडेच्या स्टुलावर. वर पुन्हा साडूच विचारणार, "काहून तोंड पाडून बसले जी, साडूभाऊ?" साडू नागपूरचे, हे सांगायचं राहिलंच.

यंदा त्यांना लेटरकेनीच्या हॉस्पिटलात नोकरी लागली. म्हणजे देशाचं पार दुसरं टोक, जेवायला येण्याजोगं नव्हे. निरोप देताना मी तोंडदेखलं पुष्कळ हळहळलो, आणि पुढच्याच शनिवारी इझाकायात दोघांसाठी जागा राखली. एक मी, एक लेक. आता तिथे तिला मराठी बोलायला मीच तेवढा उरलो होतो.

बसल्याबसल्या मी आवाज खाली आणून सुरुवात केली, "तो निळ्या शर्टातला बघ..."

"डॅड, स्टॉप. दॅट्स सो रूड," म्हणून ती फोनमध्ये शिरली. भाजलेली वांगी आली, कोंबडीच्या सळया आल्या. मी 'छान आहे ना?' म्हणालो, ती 'ग्रँड' म्हणाली. शेजारी एक नवीन माणूस येऊन बसला, माझ्याकडे बघून हसलाही. त्याला काहीतरी म्हणावं असं फार वाटलं, पण सुचेना. साडूंना पहिलं वाक्य कसं सुचतं, ते मी इतक्या शनिवारांत कधी नीट पाहिलंच नव्हतं. मी बशीतलं वांगं काडीनं इकडून तिकडे ढकलत बसलो.

जरा वेळानं मान वर केली, तर लेकीनं फोन उलटा ठेवला होता आणि ती माझ्याकडे बघत होती.

"बाबा," ती म्हणाली, "तू काहून असा चूप बसून राहिला?"

इतकी वर्षं मी ज्याची वाट पाहिली ते वाक्य आलं, आणि नखशिखांत त्यांचं होतं. शब्द त्यांचे, हेल त्यांचा. नेहमीसारखा हेवा वाटायला हवा होता, पण माझी नजर आपसूक दाराकडे गेली.

"काही नाही गं," मी म्हणालो. "काकांची आठवण येऊन राहिली."

"मला पण," ती म्हणाली.

त्यानंतर जेवण संपेपर्यंत आम्ही बापलेक मराठीतच बोललो. विषय अर्थातच साडू.