आईचा जर्मनचा गंज

नागपुरात बसून उंटावरून शेळ्या हाकायची माझ्या भावाची जुनीच खोड. आर्णीत आईजवळ मी राहते. तिला अल्झायमर झाला तेव्हापासून तिची वेणीफणी, हागणंमुतणं सगळं मी पाहते. अक्कल मात्र दादाकडे!

मागच्या महिन्यात तो मोबाईलवर कसलासा व्हिडिओ घेऊनच आला. म्हणे, ॲल्युमिनियम मेंदूत साचतं अन् माणूस विसरतो. आमच्याकडे ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात अन् पातेल्याला गंज.

"जिंदगीभर जर्मनच्या गंजात आंबाडीची भाजी शिजवली तिनं. आंबट भाजी! मंग दुसरं काय होईन?"

जसं काही आईनंच हौसेनं आजार शिजवला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"दादा, मी डॉक्टरले विचारलं. मेंदूत असे धातू सापडते म्हणे, पण त्याच्यानं आजार होते का आजारानं ते साचते, हे कोनी छातीठोक सांगत नाही. भांडे बदलू ना, हळूहळू बदलू. तो एक गंज तेवढा राहू दे. तिच्या हाताले तो आठवते."

खरंच आठवायचा. माझं नाव ती केव्हाच विसरली होती. पण तो बुडाशी चेपलेला गंज गॅसवर ठेवला की तिचे हात आपोआप चालायचे. तांदूळ धुवायची, बोटाच्या पेरानं पाणी मोजायची, मला "सरक तिकडं" म्हणून दटावायची. भात होईपर्यंत मला माझी आई मिळायची.

"हाव हाव," दादा म्हणाला. अन् मी शाळेत शिकवायला गेले तेवढ्यात गंजासकट सगळी भांडी मोडीत घालून स्टीलची घेऊन आला. लग्नाकार्यात भांडी शेजारीपाजारी जातात, म्हणून नाव घातल्याशिवाय भांडं घरात येत नाही, ते समजू शकते. पण या शहाण्यानं एकूणएक भांड्यावर स्वतःचं नाव घालून आणलं. आडनावासकट!

मी घरी आले तेव्हा आई ओट्याखाली वाकून गंज शोधत होती. सापडेना. मग तिनं एक नवं पातेलं उचललं, नावावरून बोट फिरवत एकेक अक्षर वाचलं.

"कोनाचं व्हय हे?"

"माहं नाव व्हय ना, माय! माहेच आहे सगळे भांडे," दादा कौतुकानं म्हणाला.

आईनं ते पातेलं मोरीत नेलं. सगळी भांडी घासली, पालथी घातली. एकात तांदूळ शिजवायचं तिच्या मनातही आलं नाही. हात पुसले, डोक्यावरून पदर घेतला अन् पोटच्या पोरासमोर मान खाली घालून उभी राहिली.

"मालक, भांडे घासून ठेवले. आता मी माह्या घरी जातो."