देवाच्या लेकराचे दात

प्रेमलताबाईंचं नाव ज्याने ठेवलं, त्याने त्यांना झोपेत पाहिलं असणार. जागेपणी त्यांच्यात वेलीसारखं काही दिसत नाही. फार तर बाभळीशी नातं सांगता येईल. सौंसरच्या संत्रा मंडीत त्या संत्री निवडतात. मोठा माल एकीकडे, मध्यम दुसरीकडे, बारका तिसरीकडे. हात चालतात आणि हातांच्या दुप्पट तोंड चालतं. खोकं आपटणारा हमाल, तोंड पाहून भाव सांगणारा आडत्या, कोणी सुटत नाही. नवरा मनोहर नगरपालिकेत नळांना पाणी सोडतो. अख्ख्या मोहल्ल्याला पाणी सोडणाऱ्या या माणसाला घरात शब्द सोडायला जागा नाही, आणि त्याची तशी काही तक्रारही नाही.

या दोघांची एकुलती एक मोनाली. वय बारा, समज तीन-चार वर्षांच्या पोरीची. मोजके शब्द बोलते, हसते मात्र मोकळं. झटके येऊ नयेत म्हणून रोज झोपताना चमचाभर गोड औषध घेते आणि सकाळी आईचा पदर धरून बाजारातून मंडीत जाते.

त्या बाजारात नत्थूजींचं किराणा दुकान आहे. काही वर्षांपूर्वी एका सकाळी त्यांनी सहज मोनालीच्या हातावर एक रेवडी ठेवली आणि त्याच दिवशी त्यांना एका लग्नाचा सगळा किराणा भरून द्यायचं काम मिळालं. झालं! "देवाचं लेकरू हाये हे," नत्थूजींनी जाहीर केलं. "याचं तोंड गोड झालं का आपला गल्ला गोड." तेव्हापासून मोनालीच्या तोंडात रेवडी पडल्याशिवाय ते तराजूला हात लावेनात. ही बातमी बाजारात राहिली असती तरच नवल. कापडवाल्याने बत्तासा सुरू केला, मोबाइलवाल्याने चॉकलेट, जिलेबीवाल्याने पहिल्या घाण्यातली पहिली जिलेबी. औषधाचं दुकान मागे कसं राहील? तिथे खोकला नसताना खोकल्याची गोड गोळी मिळू लागली. निवडणुकीत तर दोन उमेदवार एकाच सकाळी पेढे घेऊन हजर झाले. मोनालीने दोघांचेही खाल्ले आणि निवडून तिसराच आला. तरी बाजाराच्या श्रद्धेला ओरखडा उठला नाही.

प्रेमलताबाईंनाही ते बरंच वाटायचं. अशा पोरांना लोक दगड मारतात, दारातून हाकलतात. आपल्या पोरीला जो तो बोलावतो, याचं त्यांना अप्रूप होतं. साऱ्या गावाशी भांडणारी ही बाई या एका गोष्टीवर गावाला माफ करून होती.

मृग बहाराची संत्री मंडीत आली तेव्हा मोनालीचं काहीतरी बिनसलं. तिने संत्र्याची फोड तोंडात घातली, किंचाळली आणि फोड फेकून स्वतःच्याच गालावर मूठ मारू लागली. सौंसरच्या पोरीने संत्रं फेकावं म्हणजे नवलच. मग ते रोजचं झालं. भाकर सुटली, वरणात भिजवलेला भातही गिळेना. मंडीतल्या चंचलने जवळ घ्यायला हात पुढे केला तर त्या हाताला चावली. ही चंचल म्हणजे मंडीतली सगळ्यात सुस्त बाई. पण त्या दिवशी तिने पहिल्यांदा चपळाई दाखवली.

"काय वं, पागलपन वाढलं का पोट्टीचं?" हात चोळत ती म्हणाली.

नत्थूजींचं निदान वेगळं होतं. "देवी अंगात येऊन राहिली असन. दोन रेवड्या जास्तीच्या देतो."

मनोहर मोनालीला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी लांबूनच पाहिलं आणि झोप येण्याचं औषध लिहून दिलं. तेही गोडच. मोनाली झोपायची, उठायची आणि पुन्हा गालावर मूठ मारायची.

"एकाच गालावर काऊन मारते ही?" प्रेमलताबाईंनी एक दिवस हातातलं संत्रं खाली ठेवून विचारलं. हा प्रश्न तोवर कोणालाच पडला नव्हता. तोंडात पाहायचं तर मोनाली ओठ आवळून बसलेली. चमचा नाही, बोट नाही, गोडीगुलाबी नाही, धाकदपटशा नाही. मग त्यांना पोरीची एक खोड आठवली. समोरच्याने जांभई दिली की मोनालीही देते. न चुकता.

प्रेमलताबाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि त्यांनी भली मोठी जांभई दिली. मोनालीने मान फिरवली. त्यांनी दुसरी दिली. शेजारी चंचल होतीच. तिला आमंत्रणाची गरज नव्हती. चंचलची पाहून हमालाला आली, हमालाची पाहून आडत्याला. लिलावाची बोली लावणाऱ्याने 'आठशे'चा आ वासला तो मिटेचना. भरदिवसा सौंसरची संत्रा मंडी अशी आळोखेपिळोखे देत असताना अखेर मोनालीने आ केला.

प्रेमलताबाईंनी आत पाहिलं. मागच्या दाढा दाढा राहिल्याच नव्हत्या; काळे खुंट उरले होते. हिरडी टरारून सुजलेली, तिच्यावर पिवळा ठिपका, आणि वास असा की त्यांनी मान मागे घेतली. मोनालीचं तोंड मिटलं. प्रेमलताबाईंचं उघडंच राहिलं, आणि त्यातून आवाज आला नाही. मंडीला तेव्हा कळलं की काहीतरी भयंकर आहे.

दुसऱ्या दिवशी त्या पोरीला घेऊन बसने पांढुर्ण्याला गेल्या. तिथे दातांचा एक दवाखाना होता.

"कसली केस आहे? मेंटल का?" डॉक्टरांनी विचारलं.

"दाताची," प्रेमलताबाई म्हणाल्या.

मोनालीने खुर्चीवरचा दिवा पाहिला आणि दाराची कडी घट्ट धरली. डॉक्टर जागचे हलले नाहीत. "बाई, ही बसणार नाही. यांचं असंच असतं. स्वतःला मारून घेतात, ओरडतात. दुखायच्या गोळ्या देतो."

"साहेब, आधी दात तर पाहा."

"तोंड उघडत नाही ना ती."

"उघडते नं. तुम्ही जांभई द्या."

डॉक्टरांनी आता आईची केस कसली आहे अशा नजरेने पाहिलं. पण प्रेमलताबाईंनी सुरुवात केलीच होती. कंपाउंडरला आवरेना. डॉक्टरांचं जेवण नुकतंच झालं होतं, तेही फसले. मोनालीने आ वासला, चांगला घशापर्यंत दिसेल असा. आणि नेमके त्याच क्षणी डॉक्टरांचे डोळे स्वतःच्या जांभईत गच्च मिटलेले! उघडले तोवर मोनालीचं तोंड मिटलं होतं, आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

परतीच्या बसमध्ये प्रेमलताबाई साऱ्या बसला उद्देशून बोलत होत्या. झोपलेल्यांनासुद्धा ऐकावं लागलं.

सकाळी नत्थूजी दुकानात डबा उघडून तयारच होते. "ये माय, बोहनी कर." मोनालीने एक हात गालावर ठेवला आणि सवयीने दुसरा पुढे केला. रेवडी तिच्या तळव्यावर टेकायच्या आत प्रेमलताबाईंनी ती उडवली. ती थेट साखरेच्या पोत्यावर जाऊन पडली. दुकानातली गिऱ्हाइकं दोन पावलं मागे सरली.

"नत्थूजी, दिवाळीत तुमची दाढ दुखली होती नं?"

"अरे बापा, त्याची तर आठवणच नका काढू."

"तवा तुम्ही काय केलं?"

"काय करणार? ओरडलो. अन्न गोड लागेना. सुनेच्या अंगावर तांब्या फेकला."

"मंग तुमच्या अंगात कोणती देवी आली होती?"

"आँ?"

"तुम्हाले पागल म्हणून झोपेचं औषध पाजलं का कोणी? दोन रेवड्या जास्तीच्या चारल्या का? का पोरानं गाडी करून नागपूरले नेलं अन् चांगली कवळी बसवून आणली?"

नत्थूजींनी नकळत तोंडावर हात धरला. नवी कवळी गावभर हसून दाखवून झाली होती. आता ती लपवायला जागा नव्हती. "पण बाई, हे देवाचं लेकरू..."

"कोणत्या देवाचं? आमच्या घरी बुद्धाची मूर्ती हाये, बाबासाहेबांचा फोटो हाये. देव नाही आमच्या घरी. लेकरू माह्यं हाये. तुमचं दुखलं का दुखणं, अन् तिचं दुखलं का अवतार? तोंड सडलं पोरीचं तुमच्या बोहनीपायी!"

नत्थूजी माणूस वाईट नव्हते. तीच तर पंचाईत होती. वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं. ते हळूच म्हणाले, "नागपूरच्या सरकारी दाताच्या दवाखान्यात अशा लेकरांचं करतात, भूल देऊन. मी बाकावर बसलो होतो तवा एका पोराले आणलं होतं. मोनालीसारखंच होतं."

"तुम्ही पाह्यलं?"

"पाह्यलं."

"मंग मले सांगितलं काऊन नाही?"

नत्थूजींनी जे खरं होतं ते सांगितलं. "मोनालीले दात हायेत, हे ध्यानातच आलं नाही बाई."

 प्रेमलताबाईंनी पोरीचा हात धरला आणि तशाच बस स्टँडकडे निघाल्या.

नागपूरची डॉक्टर तरुण होती. तिने मोनालीला खुर्चीवर चढवलंच नाही. स्वतःच खाली फरशीवर बसली आणि तोंडात पाहायचा छोटा आरसा तिच्या हातात दिला. जांभईची युक्ती ऐकून ती हसली नाही, लगेच जांभई दिली. डोळे उघडे ठेवून. बॅटरीच्या उजेडात नीट पाहून झाल्यावर तिने विचारलं, "हिचे दात कोण घासून देतं?"

"तीच घासते. बरश तेवढा हातात द्यावा लागते."

"घासते की चावते?"

"चावते."

"तिला नाही जमणार ते. तुम्ही मागे उभं राहायचं, तिचं डोकं तुमच्या छातीला टेकवायचं आणि घासून द्यायचे. रात्रीचं गोड औषध आधी, दात नंतर."

साधीच गोष्ट. प्रेमलताबाईंच्या डोक्यात मात्र जाळ पेटला. एवढी वर्षं ते औषध लिहून देणाऱ्या एकाही डॉक्टरला ही साधी गोष्ट सांगावीशी वाटली नव्हती. मोनाली थोडे दिवस शाळेत गेली तेव्हा तपासणीवाले आले, वजन केलं, उंची मोजली, आणि दातांपाशी आल्यावर 'ही ऐकत नाही' म्हणून पुढच्या मुलाकडे वळले. राग स्वतःवरही आला. पण त्यांच्या रागाच्या रांगेत आधीच इतके लोक उभे होते, की स्वतःचा नंबर लागला तो क्षणभरच.

पुढची तारीख मिळाली. त्या दिवशी भूल देऊन एकाच बैठकीत सगळं झालं. काही दाढा काढल्या, काही भरल्या, दोनांवर चांदीसारख्या टोप्या बसवल्या. दवाखान्याच्या व्हरांड्यात मनोहर एवढा वेळ गप्प उभा होता, की प्रेमलताबाईंनाच त्याला म्हणावं लागलं, "अजी, काही तरी बोला नं." त्याला सवय नव्हती. त्याने त्यांचा हात धरला.

गालावरची मूठ थांबली. सूज उतरली आणि एका दुपारी मंडीत मोनालीने संत्र्याच्या फोडी एकामागून एक खाल्ल्या. मग सगळ्यांपुढे तोंड उघडून टोप्या दाखवत फिरली. चंचलने त्या पाहायला हात मागे बांधून वाकण्याची काळजी घेतली.

बाजारातून जाताना मोनाली नेहमीप्रमाणे नत्थूजींपुढे थांबली आणि तिने हात पसरला. नत्थूजींनी डबा रिकामा करून ठेवला होता. आता काय द्यावं? गिऱ्हाईक पिशवी धरून खोळंबलेलं. तोवर मोनालीने त्यांच्या पुढ्यातला डबाच ओढून घेतला, झाकण उघडलं आणि दाबून लावलं. टण्ण! ती खदखदून हसली. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. टण्ण! इतकी वर्षं ती कशासाठी थांबत होती, ते प्रेमलताबाईंना तेव्हा उमगलं. रेवडी ती खात होती, कारण प्रत्येक वेळी झाकणाच्या आवाजापाठोपाठ रेवडीच हातावर पडायची. तिला काय हवंय, हे कोणी विचारलंच नव्हतं. आईनेसुद्धा.

"झाली बोहनी," नत्थूजी पुटपुटले आणि तराजूकडे वळले.

प्रेमलताबाईंच्या ओठांवर उत्तर आलं होतं. पण पोरगी तोंड भरून हसत होती, टोप्या उन्हात चमकत होत्या. त्यांनी उत्तर गिळलं. एवढ्यात पलीकडून जिलेबीवाल्याची हाक आली, "ये वं माय, पहिला घाणा हाये. गरम गरम!"

प्रेमलताबाईंनी जेवणाच्या डब्याची पिशवी मोनालीच्या हातात दिली आणि पदर खोचून त्या जिलेबीवाल्याकडे वळल्या. मंडीत त्या दिवशी संत्री जरा उशिराच निवडली गेली.