डोंगरापलीकडची भाची

वहिनीचा मेसेज आला तेव्हा मी ऑफिसात होते. ‘या रविवारी पार्कला मी पण येते. मे महिन्यात आम्ही बंगळुरूला शिफ्ट होतोय. भेटून बोलू.’ मी ‘ओके’ एवढंच पाठवलं आणि पाण्याची बाटली भरायला उठले. बाटली भरलेलीच होती.

दादा आणि वहिनी वेगळे झाले तेव्हा माझी भाची तीन वर्षांची होती. वहिनी तिला घेऊन मुलुंडला राहायला गेली. दादा आखातात नोकरीला गेला आणि हळूहळू त्याचे फोनही कमी झाले. आई-बाबा आणि मी बोरिवलीतच राहिलो. महिन्यातून एका रविवारी वहिनी भाचीला नॅशनल पार्कच्या गेटपाशी सोडायची आणि दुपारी न्यायला यायची. घरी नको, असं तिचं म्हणणं होतं. घरी आई रडायची, म्हणून मलाही ते बरंच वाटलं होतं.

नकाशात पाहिलं तर बोरिवली आणि मुलुंडच्या मध्ये फक्त हे जंगल आहे. यायचं मात्र डोंगराला वळसा घालून, ट्रॅफिकमधून. भाचीला हे मुळीच पटायचं नाही. ती डोंगराकडे बोट दाखवून म्हणायची, माझं घर याच्या मागेच आहे, मग आपण सरळ चालत का नाही जात? मी बिबट्याचं कारण सांगायचे. ती म्हणायची, बिबट्या दिवसा झोपतो, तूच सांगितलंस.

मुलांशी कसं बोलायचं हे मला कधी नीट कळलं नाही. मोठ्यांशीही नाही. पण पायवाटेवर बोलायची फारशी गरज पडत नाही. मोठ्या रस्त्यावर सायकली आणि गर्दी असते, म्हणून आम्ही आतली छोटी वाट धरायचो. लहान मुलाला झेपेल एवढीच आहे ती, आणि सावली शेवटपर्यंत. खाऊ माकडांना दिसू द्यायचा नाही, डबा पिशवीत आणि पिशवी छातीशी. काटेसावरीच्या खोडावरचे काटे एका बोटाने हळूच चाचपून बघायचे. दोन झाडांच्या मध्ये जाळं ताणून बसलेला तळहाताएवढा कोळी दिसला की थांबायचं आणि तो हलतो का ते बघायचं. तो कधीच हलायचा नाही. तरी प्रत्येक वेळी आम्ही थांबायचो. एखादं पान हवं असेल तर फक्त खाली पडलेलं घ्यायचं, आणि तेही निघताना तिथेच ठेवायचं. या नियमावर ती दर वेळी भांडायची आणि दर वेळी हरायची.

बाकीचा सगळा महिना मी त्या रविवारकडे बघत काढायचे. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. ऑफिसात विचारलं तर म्हणायचे, काही नाही गं, वॉकला जाते.

त्या रविवारी दोघी कॅबमधून उतरल्या. वहिनी जरा बारीक झाली होती. “काय गं, बरी आहेस ना?” तिने विचारलं. मी मान हलवली. भाचीने आमच्या दोघींचे हात धरले आणि आम्हाला ओढतच आत नेलं.

पायवाट सुरू होते तिथे ऐनाचं एक जुनं झाड आहे. भाची तिथे थांबली, चपला काढल्या, हात जोडले आणि आईला म्हणाली, तू पण चपला काढ, आता गाऱ्हाणं आहे.

ही गोष्ट मीच तिला शिकवली होती. आम्ही मूळचे मालवणकडचे. गावी कुठलंही काम सुरू करताना घरातला वडीलधारा देवासमोर उभा राहतो, सगळ्यांच्या वतीने खड्या आवाजात मागणं मांडतो, आणि प्रत्येक मागण्यानंतर जमलेली माणसं एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. रानात शिरतानाही रान राखणाऱ्या देवाला, राखणदाराला, सांगून शिरायचं. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, मालवणी मला धड येत नाही. तरी पहिल्या रविवारी भाची वाटेवर शिरायला घाबरली, तेव्हा मला दुसरं काही सुचलं नव्हतं. आवाज वर काढायची मला लाज वाटत होती, म्हणून गाऱ्हाणं तिला घालायला लावलं आणि मी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं. तेव्हापासून तो तिचाच मान झाला.

वहिनी पार्ल्यात वाढलेली. लग्नात आमच्या काकांचं गाऱ्हाणं ऐकून तिला हसू आवरलं नव्हतं. आत्ताही तिच्या ओठांवर हसू आलं, पण तिने चपला काढल्या.

“बा रानातल्या देवा म्हाराजा,” भाचीने सुरुवात केली, “आज बिबट्या झोपलेला असू दे रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” आम्ही दोघी म्हणालो.

“माकडांचं पोट भरलेलं असू दे रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.” मागून जाणाऱ्या एका कुटुंबातले आजोबाही आमच्यात सामील झाले आणि हसत पुढे गेले.

“आणि बंगळुरूला माझ्या आत्याला पण पाठव रे म्हाराजा.”

भाची हात जोडूनच थांबली, आधी माझ्याकडे आणि मग आईकडे बघत. “आई, व्हय म्हण ना. गाऱ्हाण्याला नाही म्हणायचं नसतं.”

“चल, ऊन वाढेल,” वहिनी म्हणाली आणि चपला घालू लागली.

वाटेवर भाची पुढे आणि आम्ही दोघी मागे. सावरीची बोंडं फुटली होती, कापूस हवेत तरंगत खाली येत होता. कोळी त्याच्या जागी होता. भाचीने आईला तो दाखवला, पण नेहमीसारखं वाकून बघितलं नाही. वाटेलगतच्या नदीचं पाणी एप्रिलमुळे पार आटलं होतं, खडकांमध्ये तेवढी डबकी उरली होती. भाची एका डबक्यातले मासे बघत बसली आणि आम्ही जवळच्या खडकावर बसलो.

वहिनी तिच्यावर नजर ठेवूनच बोलत होती. इथून घरी गेलं की दोन दिवस पोर बाबाबद्दल विचारत राहते. आत्याचं नाक बाबासारखं आहे का, आत्याच्या घरी बाबाचे कपडे आहेत का. उत्तरं वहिनीला द्यावी लागतात. बंगळुरूला गेल्यावर या भेटी बंद करायच्या, म्हणजे हे सगळं आपोआप थांबेल, असं तिने ठरवलं होतं. आज तेच सांगायला ती आली होती.

मग तिने विचारलं, “खरं सांग, तुझा भाऊ येत नाही म्हणून तू येतेस ना? त्याच्या वाटणीचं?”

मी घरून काय काय ठरवून आले होते. व्हिडिओ कॉल, वाढदिवस, सुट्ट्या. डबक्यात भाचीने बोट घातलं, मासे पांगले.

“नाही,” मी म्हटलं. “मला ती हवी असते म्हणून येते.”

वहिनी पहिल्यांदाच वळून माझ्याकडे बघायला लागली.

“हे तू कधी बोलली नाहीस.”

“नाही बोलले.”

“तुमच्या घरात ना, कोणी माणसाकडे काही मागतच नाही,” ती म्हणाली. “सगळं त्या देवाला सांगता, आणि आम्ही बाजूला उभं राहून व्हय म्हणायचं.” मग म्हणाली, “मला सांगायचंस गं. मी काही राक्षसीण नाही.”

तिने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. भाचीचे ओले हात ओढणीने पुसले आणि आम्ही परत फिरलो. गेटबाहेर कॅबची वाट बघताना वहिनी म्हणाली, रविवारी सकाळी फोन कर, मला नको, तिला कर. आणि दिवाळीत तिला तू हवी असशील तर ये, पण एकटी ये. भाची तोपर्यंत गाडीत बसली होती. काचेला नाक लावून ती डोंगराकडे बघत होती.

आता दर रविवारी मी फोन करते. त्यांच्या बंगळुरूच्या सोसायटीजवळ तळं असलेली एक बाग आहे, वहिनी तिला तिथे नेते. सुरुवातीला भाची मला सगळं दाखवायची. बदकं, घसरगुंडी, गुडघ्याला झालेली जखम. आता तिच्या बोलण्यात दोन-तीन कन्नड शब्द येतात, त्यांचा अर्थ मला विचारावा लागतो, आणि ती मोठ्या माणसासारखी समजावून सांगते.

गेल्या रविवारी बोलता बोलता तिला कोणीतरी हाक मारली. तिने फोन बाकावर ठेवला आणि पळाली. पडद्यावर नुसतं आभाळ राहिलं आणि एका झाडाची फांदी. ते झाड कसलं ते मला ओळखता येईना. लांबून मुलांचा आवाज येत होता, त्यातला तिचा कुठला तेही कळत नव्हतं. मी फोन कट केला नाही. पानं हलत होती, ती बघत बसले.