चादरींवरून खाटा ओळखणारी मावशी

माझी मावशी खाटांच्या फोनवर बसते. आसपासच्या नऊ सरकारी दवाखान्यांत कुठे खाट रिकामी आहे ते शोधायचं आणि पेशंट तिकडे पाठवायचा, हे तिचं काम. मागच्या वर्षी दोन दवाखान्यांतले वॉर्ड बंद झाले, तेव्हापासून तिची जीभ आणखीच तिखट झाली आहे. संगणकावर खाटांचा आकडा येतो, पण त्यावर तिचा काडीचा विश्वास नाही. "पेशंट सकाळी घरी जातो आणि कारकून नोंद करतो जेवून हात धुतल्यावर!" म्हणून ती सरळ दवाखान्याच्या लाँड्रीत फोन लावते. चादर उतरली की खाट मोकळी, हे तिचं शास्त्र.

त्या दिवशी माझ्या आईलाच निमोनिया झाला. ती मावशीच्या खोलीबाहेर बाकावर धापा टाकत होती आणि पडद्यावर नऊही ठिकाणी शून्य.

"काका, आज किती चादरी उतरल्या?" मावशीने सातव्या दवाखान्याच्या लाँड्रीत विचारलं.

"एक, ताई. आत्ताच."

मी उठलेच. पण यादीत आईच्या आधी एक अनोळखी बाई होती. मावशीने खाट तिला दिली. मला मावशीचा असा राग आला म्हणता! तिचेही डोळे भरले होते, आवाज मात्र खणखणीत.

"आणखी?"

"एक आजोबा सकाळपासून कपडे करून खाटेवर बसलेत. सुट्टी झालीय, पण न्यायला कुणी येत नाही. चादर काढू कशी?"

"काढा. गाडी येतेय." फोन ठेवून ती माझ्यावर खेकसली, "बघत काय बसलीस? तुझ्या गाडीने आईला तिथे सोड आणि आजोबांना घरी पोचव!"

तासाभराने आई त्या खाटेवर होती. येताना गाडीत तिच्या जागी पिशवी मांडीवर घेऊन आजोबा बसले.

"मुलाने पाठवलं का गं तुला?"

"नाही, मावशीने."

त्यांनी मांडीवरची पिशवी सारखी केली. "बरं झालं," म्हणाले.

त्यांना दारात सोडलं तोच फोन वाजला.

"आजोबा पोचले?"

"पोचले. आणि आई..."

"झोपलीय. थंडी वाजत होती तिला. काकांना सांगून दोन चादरी घातल्यात." एवढं बोलून मावशी हमसून हमसून रडायला लागली.