सून परकी नव्हती

"मॅडम, माझंही बीपी बघता का?" नागेशने विचारलं. मी त्याच्या वहिनीच्या, सरोजाच्या दंडाला पट्टा गुंडाळत होते. तिचं बीपी एकशे साठच्या वर होतं. वय अवघं अठ्ठावीस.

सोलापुरात माझं छोटं क्लिनिक आहे. हे घर तेलुगू विणकरांचं. सासू लक्ष्मीबाईंना बीपी, त्यांच्या थोरल्या मुलाला, सरोजाच्या नवऱ्याला अंबादासला तिशीच्या आत बीपी आणि आता सुनेलाही. माझ्या डोक्यात लगेच दिवा पेटला. जनुकं म्हणजे आईबापांकडून मिळालेला शरीराचा आराखडा. काही समाजांत, काही घराण्यांत त्यात असे बदल असतात की बीपी लवकर वाढतं. पण सून तर बाहेरून आलेली. रक्त वेगळं, चूल एक. म्हणजे दोष लोणच्या-पापडातल्या मिठाचा.

हा निष्कर्ष मी सगळ्यांना मोठ्या थाटात ऐकवला. नागेश धाकटा मुलगा, नोकरीला पुण्यात, मेसमध्ये जेवणारा. त्याला म्हटलं, "तुझी चूल वेगळी. तुला काय होतंय?" बाहेर पेशंटची रांग होती. पट्टा टेबलावरच पडला होता, दोन मिनिटांचं काम. मी केलं नाही.

दीड वर्षाने नागेशला उजव्या डोळ्याने दिसेनासं झालं. पुण्यातल्या डॉक्टरांनी बीपी पाहिलं तर दोनशेच्या पुढे. ते बरेच महिने चढलेलं असणार. डोळ्याच्या आत रक्तस्राव झाला होता. तिथल्या तज्ज्ञांनी सगळ्या घराच्या तपासण्या केल्या. बदल जनुकातच निघाला. लक्ष्मीबाईंत होता, दोन्ही मुलांत होता आणि सरोजातही.

रिपोर्ट घेऊन लक्ष्मीबाई माझ्याकडे आल्या. सरोजात तो कुठून आला, मला उमगेना. मी तसं बोलून दाखवलं.

त्या शांतपणे म्हणाल्या, "सरोजा माज्या सख्ख्या भावाची पोरगी हाय की, मॅडम. आमच्यात मामाचीच पोरगी करतात. तुमी इचारलंच न्हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या लग्नाला मी गेले होते. नवरीच्या बापाला अंबादास 'मामा' म्हणत होता, हे मी जेवता जेवता ऐकलं होतं. वीस वर्षं ज्यांच्यात दवाखाना चालवला, त्यांच्या घरात सून कुठून येते हेही मला ठाऊक नव्हतं. आणि मिठाचा दोष असता तरी पट्टा गुंडाळायला काय हरकत होती?

लक्ष्मीबाई भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी जाताना नेहमीसारखं फक्त पुढच्या वेळी कधी येऊ ते विचारलं.

आता प्रत्येकाचं बीपी मी आधी घेते, बोलते नंतर. माझ्या केसपेपरवर एक ओळ वाढवली आहे: लग्न नात्यात झालं आहे का? परवा नागेशचं लग्न ठरलं, मामाच्याच धाकट्या मुलीशी, सरोजाच्या बहिणीशी. दोघं सल्ल्याला आले. तो केसपेपर त्याने स्वतः भरला, कागद डाव्या डोळ्यासमोर धरून.